‘नको’लाही तारीख असते: २२ जुलैनंतरचा नॉर्वे

ऑगस्ट २०११ मध्ये नॉर्वेच्या आरोग्य संचालनालयापुढे एक चमत्कारिक अडचण होती. उटोया बेटावरच्या हत्याकांडातून वाचलेल्यांना मानसिक आधार द्यायचा होता. मदत कुणाला करायची हे ठाऊक होतं, पण ती माणसं एका ठिकाणी नव्हतीच. उटोया हे काही गाव नव्हे. टिरिफ्योर्ड तलावातलं, ऑस्लोपासून साधारण चाळीस किलोमीटरवरचं ते एक लहानसं बेट. मजूर पक्षाच्या युवक संघटनेचं उन्हाळी शिबिर तिथे भरतं. शिबिराला पोरं देशाच्या कानाकोपऱ्यातून येतात, त्यामुळे वाचलेली पोरंही कानाकोपऱ्यात परत गेली. कुणी राजधानीत, कुणी पार उत्तरेला ध्रुवीय वर्तुळापलीकडे. भूकंप होतो किंवा धरण फुटतं तेव्हा एक वस्ती उद्ध्वस्त होते, आणि त्या वस्तीत एक केंद्र उघडलं की निदान सुरुवात तरी होते. इथे केंद्र उघडायचं कुठे?

घटना बहुतेकांना माहीत आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. शुक्रवार, २२ जुलै २०११. दुपारी ३ वाजून २५ मिनिटांनी ऑस्लोतल्या सरकारी कचेऱ्यांच्या आवारात गाडीत ठेवलेला बॉम्ब फुटला आणि ८ जण गेले. दोन तासांच्या आत तो बॉम्ब ठेवणारा माणूसच पोलिसाच्या वेशात उटोयावर उतरला. तिथे त्याने ६९ जणांचा जीव घेतला. त्यांतले बहुतेक विशीच्या आतले होते. बेटावरून ४९५ जण जिवंत परतले. हल्लेखोराचं नाव या लेखात येणार नाही, कारण पुढे जे सांगायचं आहे त्याला ते कुठेच लागत नाही.

हे प्रकरण निवडलं त्याचं कारण असं की इथे आधार सेवा कशी द्यायची हे आधी ठरलं, ती दिली गेली, आणि ती पोचली का हे वेगळ्या लोकांनी अनेक वर्षं तपासलं. या तिन्ही गोष्टी एकाच घटनेत क्वचितच सापडतात. बहुतेक ठिकाणी सेवा देणाराच शेवटी अहवाल लिहितो, आणि त्या अहवालात किती सत्रं झाली याचा आकडा असतो. कोण आलंच नाही, याचा नसतो.

आधी योजना

नॉर्वेत त्या वेळी ४३० नगरपालिका होत्या. प्राथमिक आरोग्यसेवा त्यांच्या अखत्यारीत येते. प्रत्येक नागरिकाला नेमून दिलेला फॅमिली डॉक्टर असतो, तोही याच व्यवस्थेतला. संचालनालयाने नवी यंत्रणा उभारण्याच्या फंदात न पडता हीच चौकट वापरायचं ठरवलं. प्रत्येक नगरपालिकेच्या संकट पथकाने आपल्या हद्दीतल्या बाधितांशी आपणहून संपर्क साधायचा. प्रत्येकाला एक संपर्क व्यक्ती नेमून द्यायची आणि ती किमान एक वर्ष राहील असं बघायचं. पाच-सहा आठवड्यांनी, तीन महिन्यांनी आणि वर्षाने, अशी तीनदा ठरलेली प्रश्नावली घेऊन लक्षणं तपासायची, आणि गरज दिसली की तज्ज्ञांकडे पाठवायचं.

यातला ‘आपणहून’ हा शब्द सगळ्यांत महत्त्वाचा. मोठा आघात झालेला माणूस त्या आठवणीकडे नेणारी प्रत्येक वाट टाळतो. हे टाळणं आघाताच्या लक्षणांपैकीच एक आहे. मग जी सेवा दार उघडं ठेवून बसते आणि ‘गरज असेल त्याने यावं’ म्हणते, तिच्याकडे कोण येणार? ज्याला बोलता येतं तो. ज्याची जीभ टाळ्याला चिकटली आहे तो घरीच राहणार. म्हणजे वाट पाहणारी सेवा नकळत चाळणी लावते, आणि त्या चाळणीतून नेमके सर्वाधिक गरजू खाली पडतात. त्यात इथले बरेचसे सतरा-अठरा वर्षांचे. त्या वयात कुणी आपणहून फोन उचलून ‘मला झोप लागत नाही’ असं अनोळखी बाईला सांगेल, ही अपेक्षाच भाबडी आहे.

संपर्क व्यक्ती म्हणजे मानसोपचारतज्ज्ञ नव्हे. ती परिचारिका असेल, समाजसेविका असेल, शाळेतली आरोग्यसेविका असेल. तिचं काम फोन करणं, भेटायला जाणं, अपॉइंटमेंटची आठवण ठेवणं, शाळेशी बोलणं, आणि तीन वेळा ‘नको’ ऐकूनही चौथ्यांदा विचारणं. ऐकायला किरकोळ वाटतं. पण जरा जवळून बघा. बेटावर झुडपांत, कड्याखाली, शौचालयात लपलेल्या पोरांनी आईबापांना मेसेज धाडले होते की फोन करू नका, आवाज झाला तर तो इकडे येईल. अशा पोराचा फोन काही आठवड्यांनी अनोळखी नंबरावरून वाजतो आणि पलीकडचा आवाज म्हणतो, ‘मी नगरपालिकेतून बोलतेय, कसा आहेस?’ पहिल्यांदा तो फोन उचललाच जाणार नाही हे गृहीत धरून ज्याने काम आखलं, त्यालाच पुढे काही जमणार. पहिल्या न उचललेल्या फोनपाशी फाइलवर ‘संपर्क झाला नाही’ लिहून मोकळं होणारी पद्धत आणि ही पद्धत यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

आता योजनेची दुखरी बाजू. संचालनालय नगरपालिकांना शिफारस करू शकत होतं, हुकूम सोडू शकत नव्हतं. नॉर्वेत स्थानिक स्वराज्य संस्था खरोखरच स्वायत्त असतात, आणि एरवी ही कौतुकाची गोष्ट. पण याचा अर्थ असा की एकाच वर्गात शेजारी बसणाऱ्या, पण वेगवेगळ्या नगरपालिकांत राहणाऱ्या दोन मुलींना वेगवेगळी सेवा मिळू शकत होती. मोठ्या शहराकडे मानसशास्त्रज्ञ होते, पथकाला सराव होता. काही हजार वस्तीच्या नगरपालिकेत बाधित एखादाच, पथकातले लोक आपापली नोकरी सांभाळून हे काम करणारे. घोडं पेंड खातं ते इथे.

मोजमाप कुणी केलं

ऑस्लोत हिंसा आणि आघातजन्य ताण यांवर काम करणारं एक राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे. तिथल्या बालमनोविकारतज्ज्ञ ग्रेटे डिब यांच्या नेतृत्वाखाली उटोयातून वाचलेल्यांचा अभ्यास सुरू झाला. पहिल्या मुलाखती चार-पाच महिन्यांनी, दुसऱ्या चौदा-पंधरा महिन्यांनी, तिसऱ्या अडीच वर्षांनंतर, चौथ्या साडेआठ वर्षांच्या सुमाराला. नुसते फॉर्म पाठवून नव्हे. मुलाखत घेणारा प्रत्यक्ष जायचा, बहुतेकदा घरीच, आणि समोर बसून विचारायचा. लक्षणं विचारायचाच, पण कोणती मदत मिळाली, कुणाकडून, ती कधी थांबली आणि थांबावी असं तुला वाटत होतं का, हेही विचारायचा.

या रचनेतल्या दोन गोष्टी उचलण्याजोग्या आहेत. पहिली, मोजणारे सेवा देणारे नव्हते, त्यामुळे नगरपालिकेचं चांगलं दिसावं यात त्यांचा काही स्वार्थ नव्हता. दुसरी गोष्ट शुद्ध संशोधनवाल्यांना कदाचित खटकेल. मुलाखतीत कुणाची गरज तशीच राहून गेली आहे असं दिसलं, तर त्याला सेवेशी जोडून द्यायला मदत केली जायची. यामुळे अभ्यासाचे निष्कर्ष थोडे भेसळीचे होतात, कारण मोजणाराच मोजायच्या गोष्टीत हात घालतो. मला विचाराल तर ही भेसळ परवडली. समोरच्या मुलाला महिनोन्महिने झोप नाही हे वहीत टिपून निघून जाणं कुठल्या नीतीत बसतं?

काय सापडलं? बहुतेकांशी पहिल्या काळात आपणहून संपर्क झाला होता. विखुरलेल्या बाधितांचा विचार करता ही मोठी गोष्ट आहे, ती मान्य केलीच पाहिजे. पण ‘बहुतेक’ म्हणजे ‘सगळे’ नव्हेत. शिवाय त्रास फक्त मनाच्या कप्प्यात बसलेला नव्हता. डोकेदुखी हे त्याचं ठळक उदाहरण. अर्धशिशी आणि ताणाची डोकेदुखी वाचलेल्यांमध्ये त्यांच्या वयाच्या इतर मुलांपेक्षा स्पष्टपणे जास्त आढळली. आता डोकं दुखतं म्हणून फॅमिली डॉक्टरकडे गेलेला मुलगा ‘२२ जुलै’च्या फाइलमध्ये नोंदला जाईलच असं नाही. सेवेचा हिशेब फक्त समुपदेशनाच्या वहीवरून मांडला तर तो निसटतो.

वाचलेल्या मुलांचे आईबाप हा आणखी एक गट. त्यांचं मूल घरी परतलं होतं, म्हणून शेजारीपाजारी आणि कदाचित ते स्वतःही त्यांना नशीबवान समजत होते. पण तपासल्यावर त्यांच्यातही ताणाची लक्षणं सर्वसाधारण लोकांपेक्षा बरीच जास्त निघाली. फोनवर पोराची कुजबुज ऐकत आणि मग तासन्‌तास काहीच न ऐकता त्यांनी ती संध्याकाळ काढली होती.

शाळा

योजनेच्या कागदावर शाळेचा उल्लेख होता, पण मला वाटतं, तिचं वजन नीट ओळखलं गेलं नाही. वाचलेल्यांतले कितीतरी उच्च माध्यमिकमध्ये शिकत होते. ऑगस्टमध्ये शाळा सुरू झाल्या, म्हणजे घटनेनंतर महिन्याच्या आतबाहेर. त्या वर्षी त्यांचे गुण आदल्या वर्षापेक्षा घसरले आणि गैरहजेरी वाढली, असं अभ्यासात आढळलं.

साखळी कशी लागते बघा. रात्री झोप नाही, त्यामुळे सकाळी उठवत नाही. पहिला तास बुडतो. वर्गात गेलं तरी दाराकडे पाठ करून बसवत नाही, आणि कुणी बाक जोरात सरकवला तर पुढची वीस मिनिटं काही डोक्यात शिरत नाही. हजेरी कमी पडते, गुण कमी पडतात, हव्या त्या अभ्यासक्रमाला प्रवेश मिळत नाही. तीन वर्षांनी तो मुलगा ‘आघातातून सावरलेला’ असेलही, पण त्याचं आयुष्य वेगळ्याच रुळावर गेलेलं असतं. आणि हे सगळं आठवड्याला एक तास समुपदेशन व्यवस्थित चालू असताना घडू शकतं, कारण समुपदेशक तासभर भेटतो आणि शाळा रोज. बाक कुठे असावा, परीक्षा वेगळ्या खोलीत द्यावी का, गैरहजेरी कशी नोंदावी, हे निर्णय मुख्याध्यापकाच्या टेबलावर होतात. त्या टेबलाला ‘आधार सेवा’ म्हणायची सवय आपल्याला नाही.

किमान आणि कमाल

आता २०१२ चं कॅलेंडर समोर ठेवा. खटला १६ एप्रिलला सुरू झाला आणि २२ जूनपर्यंत चालला. त्यात प्रत्येक मृताच्या जखमांचं वर्णन झालं आणि वाचलेल्या अनेकांनी साक्षी दिल्या. २२ जुलैला वर्षश्राद्ध. १३ ऑगस्टला चौकशी आयोगाचा अहवाल आला. पोलिस बेटावर आणखी लवकर पोचू शकले असते, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. एखाद्या बापाने ते वाक्य वाचलं असेल तेव्हा त्याला काय वाटलं असेल, याची कल्पना करून बघा. २४ ऑगस्टला निकाल लागला.

आणि संपर्क व्यक्तीचं ‘किमान एक वर्ष’ संपत होतं ते याच आठवड्यांत.

हे कुणी मुद्दाम केलं नव्हतं. योजना आखताना खटल्याची तारीख कुणाला माहीत असणार? पण दोष राहिलाच. मुदत कॅलेंडरवरून ठरवली होती, प्रसंगांवरून नव्हे. शिवाय शिफारशीतला ‘किमान’ हा शब्द खाली झिरपताना बदलतो. वरच्या कार्यालयाने किमान वर्षभर म्हटलं की खालचं कार्यालय वर्षभराचंच नियोजन करतं, तितक्याच काळासाठी माणूस मोकळा करतं, आणि बाराव्या महिन्यात फाइल बंद होते. किमानाचं कमाल व्हायला कुणाचा दुष्टपणा लागत नाही. त्यानंतर बाधिताला सांगितलं जातं, ‘काही वाटलं तर फोन करा.’ म्हणजे ज्या तत्त्वावर सगळी योजना उभी होती, तेच तत्त्व तेराव्या महिन्यात उलटं होतं. आता पुन्हा त्यानेच दार ठोठवायचं.

साडेआठ वर्षांनंतरच्या फेरीत वाचलेल्यांपैकी सुमारे एकतृतीयांश जणांना अजूनही आघाताचा ताण, चिंता, नैराश्य किंवा डोकेदुखी असा मोठा त्रास होता. जवळपास तेवढ्याच जणांना मधल्या काळात द्वेषाचे संदेश किंवा धमक्या आल्या होत्या. हा दुसरा आकडा मी मुद्दाम शेजारी ठेवतो. सेवा आखणाऱ्याच्या डोक्यात गरजेचा आलेख उतरता असतो: आधी खूप, मग कमी, मग शून्य. प्रत्यक्षात आघात त्या एका संध्याकाळी होऊन संपलेला नव्हता, तो टपालाने येतच राहिला. जानेवारी २०२२ मध्ये हल्लेखोराच्या पॅरोल अर्जावर सुनावणी झाली आणि त्याचा चेहरा पुन्हा पडद्यावर आला. अर्ज फेटाळला गेला हे ठीक, पण त्या आठवड्यात वाचलेल्या किती जणांना कुणी आपणहून फोन केला असेल? अशा तारखा आधीच कळतात. सुनावणी, स्मारकाचं उद्घाटन, दहावं वर्ष. त्यांची यादी करून त्या आठवड्यांपुरती संपर्काची व्यवस्था ठेवायला फार पैसा लागत नाही. फक्त ती यादी कुणाच्या तरी टेबलावर असावी लागते, आणि ते टेबल वर्षाने रिकामं झालेलं नसावं लागतं.

टिकलं ते काय

मृतांच्या कुटुंबांसाठी बर्गनच्या संकट मानसशास्त्र केंद्राने पहिल्या दीड वर्षात शनिवार-रविवारची चार निवासी संमेलनं घेतली. आईवडील वेगळ्या गटात, भावंडं वेगळ्या. तज्ज्ञांची भाषणंही झाली, पण लोकांना सर्वाधिक उपयोगी वाटलं ते आपल्यासारख्यांना भेटणं. भावंडांचा गट वेगळा काढणं ही बारीक पण शहाणपणाची गोष्ट. आईसमोर मुलगी रडत नाही, कारण आईला आणखी त्रास नको.

२०११ मध्येच पीडितांची राष्ट्रीय आधार संघटना उभी राहिली आणि तिच्या प्रांतवार शाखा निघाल्या. मंत्री बदलले, पथकातले लोक बदलले, ही संघटना राहिली. सरकारी सेवेची मुदत संपल्यावर आवाज उठवायला कुणीतरी उरलं होतं, ते हेच. मात्र यावर भिस्त टाकण्यातही धोका आहे. संघटनेत येतो तो बोलका, आणि जो कुणालाच भेटत नाही तो तिथेही नसतो. शिवाय दुःखी माणसांनीच दुःखी माणसांची सोय कायम बघावी, हा सरकारच्या दृष्टीने फारच स्वस्त सौदा आहे.

यादीबाहेरचे

बेटासमोरच्या किनाऱ्यावर उटविका नावाची कॅम्पिंगची जागा आहे. त्या संध्याकाळी तिथल्या लोकांनी आपल्या लहान बोटी पाण्यात घातल्या आणि पोहत येणाऱ्या, रक्ताळलेल्या पोरांना उचललं. समोरून गोळ्यांचे आवाज येत असताना त्यांनी हे केलं. त्यांतले काही सुट्टीवर आलेले होते, काही किनाऱ्यावरच राहणारे.

पुढे राष्ट्रीय स्मारकाचा प्रश्न आला. शेजारच्या सोर्ब्रोटन इथल्या भूशिराला कापून खाच पाडायची, अशी स्वीडिश कलावंत योनास डालबर्ग यांची कल्पना निवडली गेली होती. शेजाऱ्यांनी कडाडून विरोध केला आणि २०१७ मध्ये सरकारने ती सोडून दिली. नंतर बेटाच्या धक्क्यावर स्मारक करायचं ठरलं, तर काही शेजारी त्याविरुद्धही कोर्टात गेले आणि २०२१ मध्ये हरले. २०२२ च्या जूनमध्ये ७७ कांस्यस्तंभांचं ते स्मारक खुलं झालं. या वादात अनेकांना शेजारी कोत्या मनाचे वाटले. पण ते म्हणत काय होते? रोज खिडकीतून हे बघणं आम्हाला झेपणार नाही. बचावासाठी बोटी काढणाऱ्यांच्या तोंडचं हे वाक्य कोत्या मनाचं म्हणून सोडून द्यायचं, की न भागलेली गरज म्हणून नोंदवायचं? ‘बाधित’ या शब्दाची व्याख्या पहिल्या महिन्यात होते, आणि तेव्हा जो तिच्या बाहेर राहतो तो दहा वर्षांनी वकील घेऊन येतो.

बेटावर आता ‘हेग्नहूसेट’ नावाची वास्तू आहे. जिथे १३ जण मारले गेले त्या जुन्या कॅफेचा भाग तसाच ठेवून त्याभोवती ती बांधली. आतल्या बाजूला छत पेलणारे ६९ खांब, आणि बाहेरून सभोवार ४९५ लाकडी पट्ट्यांचं कुंपण. मृतांइतकेच जगलेलेही मोजून घेतले आहेत.

या ४९५ पैकी ४९० जणांना अभ्यासात येण्याचं आमंत्रण होतं. पहिल्या फेरीला ३२५ आले. १६५ आले नाहीत. अशा अभ्यासांत सहसा जो पहिल्यांदा येत नाही त्याचं नाव कायमचं खोडतात आणि पुढच्या फेऱ्या फक्त आलेल्यांच्या होतात. इथे तसं केलं नाही. चौदा-पंधरा महिन्यांनी पुन्हा सगळ्यांना पत्रं गेली, आधी न आलेल्यांनाही. दुसऱ्या फेरीत २८५ जण आले. त्यांतले २५५ आधीचेच होते.

उरलेले ३० पहिल्यांदाच बोलायला बसले होते.